सुनेचं डोहाळजेवण मी अर्ध्यात मोडलं

आमच्या सुनेच्या डोहाळजेवणात मी कसा तमाशा केला, ते तामलवाडीत घरोघर सांगून झालंय. आता माझ्या तोंडून ऐका...

सातवा महिना होता. अंगणभर बाया, आत पुरणाचा वास. सुनेला हिरवा चुडा भरायला बांगडीवाली बसली. एरवी या पोरीच्या हातातनं सव्वादोनची बांगडी आपोआप गळून पडती. त्या दिवशी अडीचची पण मुठीवर अडकली, वर फुटली.

माझी थोरली नणंद म्हणली, "साबण लावा गं! पोटात पोरगा हाय, सूज येणारच. तेज बघा की तोंडावर!" बाया हसल्या. मला काय ते तेज दिसंना. तोंड नुसतं फुगलेलं, डोळे बारीक झालेले.

सून हळूच माझ्या कानात म्हणली, "आत्या, सकाळधरनं डोकं ठणकायलंय. डोळ्यापुढं काजवे चमकायलेत. कार्यक्रम होऊ द्या, मग पडते जरा."

माझी धाकटी जाऊ अशीच सुजली होती. डोकं दुखतंय म्हणून पडली... झटके आले, तर घरातले म्हणले बाहेरचं लागलंय, आन् लिंबू उतरवत बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपली. पोटातलं बाळ बी गेलं.

मी उठले. पोराला म्हणलं, गाडी काढ.

नणंद आडवी आली. "अगं, ओटी तरी भरू दे! पाटावरनं उठवती व्हय? अपशकुन असतोय."

म्हणलं, "वन्सं, पाट मोकळा राहिला म्हणून जीव जात असंल तर तुम्ही बसा. तुमची ओटी भरते. तिला सोडा."

धाराशिवला डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं आन् पहिलं सुई, सलाईन लावलं. बोलल्या नंतर. गरोदरपणात बीपी असं चढलं की झटके येतात, त्यात आई जाती, बाळ जातं. सूज, डोकेदुखी, डोळ्यापुढं चमकणं... ही सगळी त्याचीच लक्षणं.

ठेवूनच घेतलं तिला. बाळ वेळेआधी काढावं लागलं. नात झाली. चिमणीएवढी, पण रडली तर अख्खा वॉर्ड उठवला!

मला वाटलं, सुटलो. तर डॉक्टरीणबाई म्हणल्या, बाळंतपणानंतर बी बीपी चढतं, लक्ष ठेवा. म्हणून घरी आणल्यावर बी तपासायला नेते. कुणी म्हणलं "बाळंतिणीला कशाला बाहेर काढती" की मी पोराला म्हणते, गाडी काढ.

बायांनो, पोटुशी बाई सुजली तर पोरगा का पोरगी, ते सांगत बसू नका. बीपी बघून घ्या. लई वेळ लागत न्हाय.

नणंद अजून माझ्याशी बोलत न्हाय. बारशाचं आवतण द्यायला लुगडं घेऊन जाईन मी तिच्याकडं, समजूत काढायला, तेवढी उसंत आता हाय मला.

आता आतनं सून ओरडायलीय, "आत्या, किती वेळ तो मोबाईल? पोरीला धरा की जरा!"

ओरडू दे. लई बरं वाटतं ऐकायला...