शांताबाईंची तीन ते चारची बॅच

शांताबाई राठोड नव्या बाईच्या आधी पायांकडे बघायच्या, मग तोंडाकडे.

सेनगावात खताच्या दुकानाच्या वर एक जिम आहे. तिथं दुपारी तीन ते चार बायकांची बॅच असते, तिला शिकवायच्या शांताबाई. पहिल्या दिवशी मी जिना चढून गेले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. चाळिशीपुढच्या, खांद्यानं रुंद, ट्रॅकपँटवर लांब कुर्ता. माझे नवेकोरे बूट बघून म्हणाल्या, "हे पळायचे हायेत. तळ गादीसारखा मऊ. वजन घेऊन उभं राहिलं की पाय डगमगतो यात. उद्या साधे कॅनव्हासचे आणा."

मी हिरमुसले. आमचं औषधाचं दुकान आहे. दिवसभर काउंटरला उभं राहून माझी कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. हे ऐकताच माझ्या लेकीनं पुण्यातून सगळा सरंजाम मागवून दिला होता. शांताबाईंनी माझी पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाकावर मांडली.

"कमरेचा पट्टा सहा महिन्यांनी. आताच बांधला तर कंबर कामाला काहून लागेल? मनगटाच्या पट्ट्या बी राहू द्या. हाताला घट्टे नको असतील तर मोजे घाला. ही प्रोटीन पावडरची बाटली व्हय? हिच्यात पाणी भरा. टॉवेल कुठं हाय?"

टॉवेल मी आणलाच नव्हता.

"आपला घाम, आपला टॉवेल," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या कपाटातला धुतलेला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

त्या तांड्यावर वाढलेल्या. शाळेत कबड्डी खेळल्या, मग लग्न आणि वीस वर्षं शेती. जिमच्या मालकानं त्यांना झाडलोटीला ठेवलं होतं. एक दिवस कोणी तरुण पाठ वाकवून वजन उचलत होता. यांना राहवलं नाही. झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "दादा, पोतं असं उचललं तर दुसऱ्या दिवशी खाटेवर पडशील." मालकानं ते ऐकलं. पुढच्या वर्षी त्यानंच त्यांना नांदेडला प्रशिक्षणाला पाठवलं.

नव्या बाईला त्या कोपऱ्यात नेऊन हळूच विचारायच्या, "आतले कपडे नीट हायेत का?" व्यायामासाठी आतून घट्ट, आधार देणारे कपडे लागतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. गावात काउंटरमागे ओळखीचे पुरुष, मागणार कोण? म्हणून शांताबाई सगळ्यांची मापं चिठ्ठीवर लिहून एसटीनं हिंगोलीला गेल्या. सोबतीला मी होते. दुकानदारानं आवाज बारीक करून तो माल वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला.

"कागद काहून गुंडाळून राहिले, भाऊ?" शांताबाईंनी विचारलं. "आमी काय चोरून नेऊन राहिलो का?"

दुकानदार हसला. त्यानं कागद बाजूला ठेवला आणि सरळ पिशवी दिली. मी मात्र रस्त्याकडे पाठ करून उभी होते. बाहेर आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "औषध इकणाऱ्या बाईनं लाजू न्हाई."

नजमाची गोष्ट सांगितल्याशिवाय शांताबाई कळायच्या नाहीत. नजमा आमच्या गल्लीत शिवणकाम करते. तिला दम लागायचा म्हणून मीच तिला बॅचला नेलं. चौथ्या दिवशी जिममधली सायकल मारताना तिच्या ओढणीचं टोक चाकात गेलं आणि गळ्याला फास बसला. आम्ही नुसत्या बघत राहिलो. शांताबाईंनी धावत येऊन फिरतं चाक हातानं दाबून धरलं आणि ओढणी सोडवली. नजमाच्या गळ्यावर लाल वळ उठला, शांताबाईंच्या तळव्याची साल निघाली.

नजमा घरी गेली ती परत आलीच नाही. "आता नाही भाभी," ती मला म्हणाली, "घरातले पण नको म्हणतात."

दोन दिवसांनी शांताबाई हाताला पट्टी बांधून तिच्या घरी गेल्या. परत चल, असं चुकूनही म्हणाल्या नाहीत. शिलाई मशीनजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मला एक कुर्ता शिवून दे. गुडघ्यापर्यंत, बाजूनं कापलेला, बाह्या पूर्ण. डोक्याला टोपीसारखं कापड, मागं लोंबायला काही नको. त्यात मी बैठका मारीन. फाटला तर शिलाई तुझी कच्ची."

नजमानं तो तीन दिवसांत शिवला. शांताबाईंनी तो घालून तिच्याच घरात, सासूसमोर, वीस बैठका मारल्या. शिलाई टिकली. सासूबाई जपाची तसबी बाजूला ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "ये बराबर है. इसमें तकलीफ नहीं." मग थोडं थांबून विचारलं, "मेरे घुटनों का कुछ होगा क्या?"

पुढच्या सोमवारी सासू-सून दोघी जिना चढून आल्या. सासूबाई दर पायरीवर थांबत होत्या आणि शांताबाई त्यांच्या मागं एक पायरी खाली, हात न लावता चालत होत्या. महिनाभरात नजमाचे कुर्ते निम्म्या बॅचच्या अंगावर दिसायला लागले. माझाही मोरपंखी आहे.

गेल्या वर्षी शांताबाईंनी औंढ्याला बहिणीच्या घराजवळ एक हॉल घेतला. फक्त बायकांची जिम. निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या जीपपर्यंत गेलो. कुणी शेंगदाण्याची चटणी दिली, कुणी आरसा. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्या म्हणाल्या, "रडू नका. उद्या पायाच्या व्यायामाचा दिवस हाय, चुकवू नका." आणि जीप गेली.

जिम उघडली त्या संध्याकाळी मी धाकधुकीतच फोन लावला. नवं गाव, बहिणीशिवाय कुणाची ओळखपाळख नाही.

"किती जणी आल्या?" मी विचारलं.

"एक आली," शांताबाई म्हणाल्या. आवाज एकदम खुशीत. "देवळापाशी फुलं इकते ती बाई. चपला घालून आली होती."

"एकच? मग काय केलं तुम्ही?"

"काय करायचं? बॅच घेतली. पुरा एक तास."