बापाशी बोलणाऱ्या सिस्टर

आखातातल्या आमच्या बिन महमूद भागातल्या इमारतीतल्या सिस्टर लिफ्टमध्येसुद्धा प्रार्थना करायच्या, आणि तीही डोळे उघडे ठेवून. "बापा, पाय लई दुखतेत रे आज. जरा बघ." मी शेजारी उभी असताना! आधी वाटलं, फोनवर बोलताहेत. नंतर कळलं, बापा म्हणजे देव. तेव्हापासून मी सावध झाले.

सिस्टर जालन्याकडच्या, एका क्लिनिकमध्ये नर्स. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या आणि डायबेटिसमुळे त्यांच्या टाचेची जखम चिघळली, तेव्हा सिस्टर ड्यूटी संपवून रोज दुपारी ड्रेसिंगला येऊ लागल्या. हात इतका हलका, की सासूबाई 'आई गं'सुद्धा म्हणायच्या नाहीत. पण पट्टी बांधताना ओठ सारखे पुटपुटत. मी चहाचं निमित्त करून दाराशी घुटमळायचे. परक्यासाठी एवढं कोण करतं?

सासूबाईंचा देव सोवळ्यातला. मंत्र गुरुजींनी म्हणायचे, आपण हातावर पाणी घ्यायचं. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला मध्ये कुणी लागत नाही का हो?"

"पूर्वी लागायचं, आजी. मंदिरात देवापुढं पडदा असायचा, आत याजकानं, म्हंजी पुजाऱ्यानंच जायचं. येशूनं जीव दिला अन् तो पडदा फाटला. आता लेकराला बापाकडं जायला चिठ्ठी कशाला?"

सासूबाई कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या. मला ते मान हलवणं अजिबात आवडलं नाही.

मग एका दुपारी खोलीचं दार लोटलेलं दिसलं. आतून सासूबाईंचे हुंदके, आणि सिस्टर म्हणत होत्या, "बोला आजी, मन मोकळं करून बोला." मी दार ढकललं. सासूबाईंनी हात जोडले होते, डोळ्यांना धार लागली होती.

सिस्टरांना मी बाहेर पॅसेजमध्ये नेलं. "धर्म बदलायला लावणं इथं कायद्यानं बंद आहे, माहीत आहे ना? मी तक्रार केली तर व्हिसा खलास."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "ताई, म्या तसलं काय बी केलं नाही," एवढंच बोलल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरल्या.

आठवडाभर ड्रेसिंग मी केलं. सासूबाई कळवळायच्या, पण माझ्याशी बोलत नव्हत्या. शेवटी एका सकाळी म्हणाल्या, "धाकट्या लेकीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून मी तिचं तोंड पाहिलं नाही. वारली, तेव्हाही गेले नाही. हे कधी कुणापाशी बोलले नव्हते. सिस्टरला म्हटलं, तुझ्या देवाकडे माझ्यासाठी क्षमा माग. म्हणाली, मागते की, पण तुमचं दुखणं तुम्हीच सांगा. मी माझ्या व्यंकटेशाला सांगत होते गं, तेवढ्यात तू आलीस."

मी तशीच दोन मजले खाली गेले. सिस्टरांबरोबर राहणाऱ्या मल्याळी मैत्रिणीनं दार उघडलं.

"वो तो गाँव चली गयी. नौकरी छोड़ दी. बोली, इधर अब डर लगता है." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "आप ऊपरवाली दीदी हो ना? जाने तक रोज आपका नाम लेकर प्रेयर करती थी."

माझ्याविषयी काय सांगितलं असेल त्यांनी त्यांच्या बापाला?

"क्या बोलती थी?" मी विचारलं.

"मालूम नहीं, दीदी. मराठी में बोलती थी."