चाखणारा चासिब

चासिबची आई म्हशी हाकत दलदलीतनं चालली होती, तेव्हा नावेतच बाळंत झाली. पोर एवढं दांडगं निघालं की नाव एका अंगाला कलली, असं सुईण सांगायची. सुईण थापाडी होती, पण चासिब दांडगा होता हे खरं. विशीत त्यानं माजलेला टोणगा शिंगं धरून खाली बसवला, तो नेमका फौजेची भरती करायला आलेल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. टोणगा राहिला गावात आणि चासिब गेला राजधानीला. अख्खा देश ज्यांच्या मुठीत होता, त्या मोठ्या साहेबांच्या पहाऱ्यावर त्याला घेतला.

तिथं त्याला कामं दोनच. साहेब बसले की पाठीमागं उभं राहायचं, आणि साहेबांच्या पुढ्यात जे येईल ते आधी आपण चाखायचं. विष असलं तर चासिब मरणार, नसलं तर साहेब जेवणार. आम्हांला वाटायचं, काय नशीब काढलंय गड्यानं! भाजलेलं कोकरू, बदाम घातलेला भात, वर पगार. तो सुट्टीवर आला की म्हणायचा, "कसलं नशीब? एक घास घ्यायचा, की म्होरलं ताट. इतकी वर्सं झाली, पोट भरून काय खाल्लं ते आठवत न्हाई."

पुढं त्याला गुप्त पोलिसांत अधिकारी करून आमच्याच भागात धाडला. आता गुप्त म्हणजे किती गुप्त? उम्म-अल-बर्दी गावात काळा चष्मा घालणारा तो एकटाच. तो चहाच्या दुकानात शिरला की सगळे एकदम म्हशींच्या खुरकतीच्या रोगावर बोलायला लागायचे. एकदा वैतागून म्हणाला, "काय रं, तुमच्या म्हशींस्नी बारमाही खुरकतच आसती व्हय?" कुणी हसलं नाही. हसायची सोय नव्हती.

कारण लफ्ता. लफ्ता होड्या बांधायचा, हाताचा कुशल, जिभेचा मोकळा. दुकानात साहेबांच्या मिशीवर काहीतरी बोलून गेला आणि दुसऱ्या सकाळी त्याला उचलला. एक हिवाळा आत काढून परत आला, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. नाव कुणी दिलं हे कुणी विचारलं नाही. विचारायला लागतं असंही नव्हतं.

मग साहेबांची खुर्ची गेली. चासिबनं चष्मा काढला आणि गावातच पुन्हा म्हशी राखायला लागला. त्याच्या आणि लफ्ताच्या, दोन्ही कुळांचे म्हातारे बसले, लफ्ताच्या बोटांची भरपाई ठरली, मिटलं. चासिबच्या वतीनं म्हातारेच बोलले. हा मान खाली घालून बसला. पण मिटणं वेगळं आणि विसरणं वेगळं. चासिब नदीवर दिसला की लफ्ता आपली होडी पलीकडच्या काठानं न्यायचा.

आणि या चासिबचा जीव कुणावर बसावा? लफ्ताच्याच बहिणीवर! नशमिया विधवा, तोंडाची फटकळ, बाजारात म्हशीची साय विकायची. चासिबच्या दारात चार दुभत्या म्हशी, तरी हा बाबा रोज तिच्याकडनं साय विकत घ्यायचा.

मी त्याचा शेजारी. मी म्हटलं, "घरची साय काय मांजरं खात्यात व्हय?"

"तिच्या सायीची चव येगळी हाय," म्हणाला. चवीतलं त्याला कळायचं, हे मात्र खरं.

एक दिवस नशमियानंच भर बाजारात त्याला सुनावलं, "आवो पहारेकरी, किती दिस साय नेणार? आता म्हैसच घिऊन जा की! पण माझ्या दादानं व्हय म्हटल्याबिगर मी घराभाईर पाऊल टाकायची न्हाई."

पन्नाशीच्या गड्याचे कान लाल झाले. आता सगळं लफ्ताच्या एका शब्दावर आलं.

आमच्यात मागणी घालायची रीत अशी. मुलीच्या घरी पुढ्यात कॉफी आली की मुलाकडचे शेख, म्हणजे कुळाचे प्रमुख, पेला जमिनीवर ठेवतात. मागणं मान्य झालं की मगच तो ओठाला लावायचा. न पिता उठले तर देणाऱ्याच्या घराला कमीपणा. आणि आधीच प्याले, तर मागणं संपलं. चपला घाला आणि चालू लागा.

लफ्ताच्या, दलदलीतल्या बोरूच्या काड्यांनी विणलेल्या बैठकीत आम्ही जाऊन बसलो. चासिब सवयीनं शेख मुतशर यांच्या मागं जाऊन ताठ उभा राहिला.

"बस की खाली, लेका!" शेख ओरडले. "नवरदेव हाईस का खांब?"

तो शेखांच्या खांद्याला लागून बसला. लफ्तानं स्वतः कॉफी ओतली. शेखांनी पेला जमिनीवर ठेवला आणि सुरुवात केली. शेखांची सुरुवात म्हणजे पणजोबांपासून. दोन्ही कुळांचे पूर्वज निम्मे झाले असतील, तेवढ्यात चासिबचा हात सुटला. त्यानं शेखांचा पेला उचलला, घोट घेतला, जिभेवर घोळवला, थोडा वेळ थांबला, आणि पेला परत शेखांपुढं ठेवून मान डोलावली. ठीक आहे, प्या!

बैठक गार पडली. मी चपला शोधायला लागलो.

"गाढवा," शेख कण्हल्यासारखे म्हणाले, "काय केलंस रं हे?"

"ईष बघितलंस व्हय?" लफ्तानं विचारलं.

"न्हाई, लफ्ता, अल्लाशपथ! हात आपसूक गेला..."

"घालायचं मनात आलं हुतं. पर नशमियानं उंदराच्या औषधाचा डबा लपवला." कुणीतरी फिसकन हसलं. लफ्ता हसला नाही. "सायबासाठी तुझा हात आपसूक जायाचा. शेखांसाठी जातो. माझ्या येळंला कुठं गेला हुता?"

"ते कुळांनी मिटवलंय..." शेख मध्ये पडले.

"तुम्ही थांबा, शेख. मागं बी तुम्हीच बोलला. ह्येला बोलू द्या."

चासिबनं पहिल्यांदा मान वर केली. "तुझं नाव मी दिलं. कुणी मागितलं बी नव्हतं. मला बढती पाहिजे हुती. माझं चुकलं, लफ्ता."

"मिळाली?"

"काय?"

"बढती."

"न्हाई. घड्याळ दिलं एक. ईद व्हायच्या आत बंद पडलं."

लफ्तानं आपल्या वाकड्या बोटांकडं बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. "माझी बोटं गेली," तो म्हणाला, "आन् ह्येच्या पदरात बंद घड्याळ!" आणि असा हसला, असा हसला की डोळ्यांतनं पाणी आलं. चासिब रडत होता की हसत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लफ्तानं पुढं सरकून शेखांचा पेला उचलला आणि राहिलेली कॉफी एका दमात पिऊन टाकली.

"तू चाखलीस, मी संपवली. आता ने माझ्या बहिणीला."

बोरूच्या पडद्याआडनं बायकांनी खुशीचं हुलूलू केलं ते बाहेर काठापर्यंत गेलं. त्यातनं नशमियाचा आवाज, "आता कुणी काय बी बोलू नका गं, न्हाईतर मोडंल परत!"

"आरं, पण माझी कॉफी?" शेख म्हणत होते. "निम्म्या दलदलीची लग्नं जुळवली मी, घसा कोरडा ठिवून कधी उठलो न्हाई!"

त्यांचं कोण ऐकतंय? पोरांनी बाहेर जाऊन आनंदानं हवेत बंदुका उडवल्या. त्या बारांनी लफ्ताच्या म्हशी बिथरल्या आणि दावी तोडून पाण्यात पळाल्या. मग काय! मुलीकडचे, मुलाकडचे, सगळे झगे कमरेला खोचून चिखलात. शेख काठावर उभे राहून शिव्या घालत होते, आणि चासिब आणि लफ्ता एकाच होडीत बसून म्हशी वळवत होते, एकमेकांवर ओरडत: "आरं डावीकडनं घे, डावीकडनं!"