तळाला आलेला खाली जातो

आमच्या निरंजनदादाच्या सासऱ्यांइतका पराभवाशी इमान राखणारा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा नसेल, आणि नाही तेच बरं, असं मी दीड वर्षापूर्वी चार महिने भेटेल त्याला सांगत होते. जिंकण्यासाठी लबाडी करणारी माणसं मला नवी नाहीत. त्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहिण्यातच माझी कॉलेजची वर्षं गेली आणि आता नोकरीही तीच आहे. पण कुठल्याही नियमात नसलेली शिक्षा अर्ज करून मागून घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. तो दादाच्याच स्वयंपाकघरात बसून टोस्टला लोणी लावताना दिसला, आणि मी जी हादरले ती अजून पुरती सावरलेली नाही.

हे सासरे, म्हणजे आमचे सगळ्यांचे काका, मूळचे वेल्सचे. वेल्सला इंग्लंड म्हणण्याची चूक त्यांच्यासमोर माणूस एकदाच करतो. पाटीच्या दगडाच्या खाणीचं गाव सोडून ते सतराव्या वर्षी इंग्लंडात फुटबॉल खेळायला गेले, चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये बचावाच्या फळीत खेळले, आणि देशाच्या संघात त्यांना एकदाच बोलावणं आलं. तो सामना त्यांनी पूर्ण वेळ बाकावर बसून पाहिला आणि जर्सी कोरडीच परत केली. पुढे गुडघा गेला. मग ते मॅनेजर झाले, पण कुठे, तर लीगच्याही खालच्या लीगमध्ये. तिथे गोलकीपर सकाळी टपाल वाटतो, सेंटर फॉरवर्ड आठवडाभर लोकांची छपरं दुरुस्त करतो आणि मॅनेजर शनिवारी स्वतः मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो, दुपारी संघ खेळवतो आणि संध्याकाळी अकरा जणांचे चिखलाचे कपडे धुतो. अशा सहा क्लबांचे ते मॅनेजर होते. इतर माणसं आपल्या कारकिर्दीतले चषक सांगतात, काका घसरणी सांगायचे. अमुक क्लब त्यांच्या हाताखाली तळाला येऊन खालच्या लीगमध्ये गेला, तमुक क्लब शेवटच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला गेला, आणि एक तर फेब्रुवारीतच गेला, उरलेले सामने केवळ सभ्यतेखातर खेळला. असे पाच क्लब ते बोटांवर मोजायचे. सहाव्याचं विचारलं की हातातल्या चहाच्या फ्लास्कचं झाकण घट्ट करायला लागायचे, आणि ते आधीच घट्ट असायचं.

काकू गेल्यावर वहिनीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, त्यांना इकडे आणलं. दादा नागपूरचा, इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि मी त्याची मामेबहीण, त्याच्याच बेसमेंटमध्ये राहणारी. लग्नासाठी काका नागपूरला गेले होते तेव्हा त्यांना कुणीतरी सावजीचा रस्सा वाढला. त्यांनी तो सगळा संपवला आणि मग रेफरीने चुकीचा निर्णय दिल्यावर पाहावं तसं नुसतं आकाशाकडे पाहिलं. त्या एका प्रसंगामुळे आमचं अख्खं खानदान त्यांना मानतं.

दादाचा एक फुटबॉल संघ होता. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे सॉफ्टवेअरवाले आणि गाड्यावाले, अर्धा तास खेळायचे आणि दीड तास घरून आणलेले डबे उघडून पॉटलक करायचे. काका पहिल्या रविवारी नुसते बघायला आले, दुसऱ्या रविवारी त्यांनी गोलची जाळी शिवली, आणि तिसऱ्या रविवारी ते मॅनेजर होते. त्यांना कुणी नेमलं हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. सगळे त्यांना काका म्हणत. बरेच दिवस त्यांना वाटत होतं की काका म्हणजे मॅनेजर, आणि दादाला ऑफिसात किती काका आहेत असं त्यांनी एकदा मनापासून विचारलं होतं. पोरांनी लॅपटॉपवर रंगीत चौकोनांत पासचा हिशेब मांडून दाखवला तर ते वाकून वाकून बघत म्हणाले, "यातला कुठला चौकोन धावतो?" प्रॅक्टिस चुकवायला ऑफिसची सिस्टिम बंद, प्रॉडक्शन डाउन, हे कारण चालत नसे, बायको नको म्हणाली हे एकच चाले. आणि सामना संपला, हरलो किंवा फारच हरलो, की ते गुडघा ओढत मैदानाला फेरी मारायचे आणि चारही कोपऱ्यांतले झेंडे एकेक करून सरळ करायचे. दुसऱ्यांच्या मैदानावरसुद्धा. कुणी विचारलं तर म्हणायचे की पाहुण्याने घर नीट करून निघावं.

पण त्यांना खरा धक्का दिला तो अमेरिकेने. आमच्या हौशी लीगमध्ये दोन डिव्हिजन आहेत, वरची आणि खालची, आणि वरच्या डिव्हिजनमधून कुणी कधी खाली जात नाही. जो पहिल्या दिवशी वर नोंदला गेला तो कायमचा वर. काकांना हे कळलं तेव्हा ते बर्फाच्या डब्यावर मटकन बसले.

"म्हणजे तळाला आलं तर काय होतं?"

"काही नाही काका," दादा म्हणाला. "नेक्स्ट इयर परत खेळायचं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. वहिनीने विचारलं तर म्हणाले की मेथॉडिस्टांच्या, पाप-पुण्याचा कडक हिशेब ठेवणाऱ्या चर्चवाल्यांच्या, गावात वाढलेल्या माणसाला नरक नाही असं एकदम सांगायचं नसतं.

आता मैदानाचं सांगते, कारण माझं दुखणं तिथे आहे. टाउनशिपचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, एक हिरवंगार सपाट मैदान आहे, एका बाजूला बसायला लाकडी पायऱ्या असलेलं. तिथे पिकलबॉल नावाच्या टेनिससारख्या खेळाची कोर्टं करायचं ठरत होतं. आठ महिने मी लढले. लायब्ररीबाहेर, इंडियन ग्रोसरीबाहेर, बर्फात हातमोजे काढून सह्या घेतल्या. इंग्रजीत पत्रक, मराठीत पत्रक, दोन्हींवर एकच मथळा. टाउनशिपच्या सभेत तीन-तीन मिनिटं मिळायची, त्यांतलं एकेक मिनिट वापरलं. शेवटी मैदान वाचलं. अट एकच पडली: मैदान वरच्या डिव्हिजनच्या संघांना मिळेल. मला काय त्याचं, आमचा संघ वरच होता.

आणि त्याच मोसमात आम्ही तळाला आलो. शेवटचा सामना चार गोलांनी हरलो. इथे कुणी खाली जात नाही म्हणून मी मनातल्या मनात या देशाचे आभार मानले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

त्या मंगळवारी सकाळी मी कॉफी घ्यायला वर आले तर काकांच्या टोस्टशेजारी लीगला पाठवलेल्या पत्राची प्रत पडली होती. तीन ओळी. आम्ही तळाला आलो. तळाला आलेला खाली जातो. खालच्या डिव्हिजनचा विजेता आमच्या जागी वर यावा. खाली काकांची सही आणि त्याखाली पंधरा खेळाडूंच्या सह्या.

मी दादाला फोन लावला. रविवारी प्रॅक्टिसनंतर काकांनी सगळ्यांना गोल बसवलं होतं म्हणे. "यार, रूल बुकमध्ये असं काही नाहीच," पोरं म्हणत राहिली. ग्राउंड जाईल हेही बोलून झालं. मग कोल्हापूरचा केदार, आमचा गोलकीपर, ज्याने त्या मोसमात सगळ्यांत जास्त गोल खाल्ले होते, तो म्हणाला, "हरलोय तर हरलोय म्हणायचं की. आमच्या पेठेत मॅच हरली की चार दिवस चौकात तोंड दाखवत नव्हतो आम्ही. हितं आपण संध्याकाळी पिझ्झा खातोय." आणि त्याने पहिली सही केली.

मी परत स्वयंपाकघरात गेले. वडीलधाऱ्यांशी बोलायची जी काही रीत मला शिकवली होती ती त्या सकाळी मी विसरले. आठ महिने, बर्फ, सह्या, सगळं त्यांच्यासमोर मांडलं आणि शेवटी म्हणाले, "काका, ते मैदान तुमचं नव्हतं देऊन टाकायला."

"तुझंही नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी टोस्ट बाजूला सारला आणि सहाव्या क्लबचं सांगितलं. तोही तळाला आला होता. पण त्यांच्यावरचा एक क्लब बंद पडला, जागा रिकामी झाली, आणि समितीने ठरवलं की एवीतेवी जागा आहे तर यांना राहू द्यावं, खालून कुणाला वर घ्यायला नको. खालच्या लीगचा विजेता एक खेड्यातला क्लब होता. काका त्यांच्या मैदानावर सरावाचा सामना खेळायला गेले तेव्हा त्यांचा म्हातारा माळी गवत कापत होता. त्याने वर यायचं म्हणून दोन्ही गोलांना नवा पांढरा रंग दिला होता. तो काकांना चहा देऊन परत गवत कापायला गेला. "पाच वेळा मी खाली गेलो, पाचही वेळा झोप लागली," काका म्हणाले. "त्या वर्षी आम्ही वर राहिलो."

खालच्या डिव्हिजनचा विजेता कोण, हे मला माहीत होतं. म्हणजे नाव माहीत होतं. गोदामात माल चढवणारी येमेनी पोरं, सलग तीन वर्षं पहिली आलेली, आणि तीन वर्षं ट्रकांच्या तळामागच्या खाचखळग्यांत खेळणारी. माझ्या आठ महिन्यांच्या मोहिमेत मी त्यांच्याकडे सहीसाठीसुद्धा गेले नव्हते.

काकांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घड्या घालून घालून मऊ झालेलं, मराठीतलं. मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "मला हे वाचता येत नाही. वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. "मैदान सर्वांचं."

त्यांनी मान डोलावली, घडी घातली आणि टोस्ट पुन्हा ओढून घेतला.

लीगच्या सेक्रेटरीने तीनदा फोन करून ही थट्टा आहे का असं विचारलं. नाही म्हटल्यावर अदलाबदल मंजूर झाली, कारण ती करू नये असंही रूल बुकमध्ये कुठे नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये मी जाळ्यांच्या खोलीची किल्ली त्या संघाला द्यायला गेले. सामन्याला तास बाकी होता, आणि लाकडी पायऱ्यांवर खेळाडूंचे म्हातारे बाप इस्त्रीचे कपडे घालून ओळीने बसले होते. मी किल्ली दिली आणि गाडीत येऊन बसले. बराच वेळ स्टार्ट केली नाही.

आम्ही ट्रकांच्या तळामागे गेलो. तिथे गोलसमोर एक उंचवटा आहे; त्यावरून चेंडू कुठे जाईल हे फक्त केदारला कळतं, तेही नेहमी नाही. पोरं मात्र जिवाच्या आकांताने धावू लागली. पॉटलक अर्ध्या तासावर आलं. त्या मोसमात आम्ही दुसरे आलो, म्हणजे काकांच्या हिशेबाने वर जायला एक जागा कमी पडली. काका खूश होते असं नाही, पण जेवले.

ऑक्टोबरात त्यांच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते वेल्सला गेले, परत यायचं काही न ठरवता. जाताना निरोप घेतला नाही. निरोप फक्त काढून टाकलेले मॅनेजर घेतात, असं त्यांचं मत. हिवाळ्यात लीगने एका ओळीचा नियम केला, तळाला आलेला खाली जाईल, पहिला आलेला वर येईल. त्याचा मसुदा मी लिहिला. इतकं छोटं पत्रक मी आयुष्यात लिहिलेलं नाही. हे सांगायला फोन केला तर पलीकडून त्यांनी एवढंच विचारलं, "वरती तळाला कोण आलं?"

"ती गोदामातली पोरं नाही आली, काका," मी म्हणाले. "ती चौथी."

"बरं," ते म्हणाले, आणि फ्लास्कचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

आता या मोसमाचा पहिला सामना परवा झाला. हरलो. पोरं चपला घालत होती, आणि मी काही न ठरवता मैदानाला फेरी मारायला निघाले. तीन झेंडे सरळ केले. चौथ्यापाशी पोचले तर तो सरळच होता. खाली ओल्या मातीत गोलपासून तिथवर आलेले केदारच्या बुटांचे ठसे होते.