कोरड्या जमिनीनंतरचा ‘पण’

ताई गेल्याचे मला बऱ्याच दिवसांनी, तेही दुसऱ्याच कुणाकडून कळले. माझी त्यांच्याशी ओळख किती होती ते यावरूनच दिसते. नोकरीची बहुतेक वर्षे आमची टेबले एकाच खोलीत होती, मध्ये फक्त एक लोखंडी कपाट. तरी त्यांना गाणे आवडे की नाही, त्यांच्या जिवाभावाचे कोण होते, हे मला सांगता येणार नाही. लिहिणे हे माझे काम नव्हे. मी आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढले. दुसऱ्या कुणी लिहिले असते तर अधिक नीट झाले असते, पण कुणी मनावर घेतलेले दिसत नाही.

आमची प्रयोगशाळा सरकारी, संरक्षण खात्याची. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारे, एका माणसाला हातात धरून चालता येईल असे हलके यंत्र करायचे, हे ताईंच्या गटाचे काम होते. मागच्या शेडमध्ये लांबलचक लाकडी हौद होते. कुठे वाळू, कुठे मुरूम, कुठे चिकण माती. आम्ही त्यांना ‘वाफे’ म्हणायचो. त्यांत नकली सुरुंग पुरायचे आणि वरून यंत्र फिरवून वाजते का ते पाहायचे. ताई स्वतः गुडघ्यांवर बसून माती थापत. नखांत माती तशीच ठेवून बैठकीला येत.

कामाबद्दल घरी बोलायला बंदी होती. त्यामुळे घरच्यांना एवढेच माहीत की ताई मातीची तपासणी करतात. एकदा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवली होती, तेव्हा त्यांच्या सासूबाई आल्या. वाफ्यांपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “एवढी शिकली-सवरली आणि शेवटी मातीतच गेली म्हणायची.”

ताई म्हणाल्या, “गेले खरी, पण पगार मिळतो.”

“बघा,” सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “घरीही हेच. भाजी झकास झालीय असं आपण म्हणावं, की हिचा ‘पण’ तयार. ‘पण मीठ जरा उशिरा घातलं.’ कुणी विचारलं होतं का तिला?”

हा ‘पण’ आम्हालाही ठाऊक होता. पाठीमागे सगळे त्यांना पणताई म्हणत. त्यांना ते माहीत असावे. कधी हटकले मात्र नाही.

आमच्याकडे पैसा टप्प्याटप्प्याने येई. एक टप्पा संपला की अहवाल लिहायचा, समितीपुढे उभे राहायचे, आणि समितीला पटले तर पुढचा टप्पा. न पटले तर गट मोडायचा आणि माणसे इतर विभागांत पांगायची. ताईंच्या गटाचा दुसरा टप्पा संपत आला होता. बाहेरच्या एका संस्थेनेही असेच यंत्र दाखवले होते आणि त्यांचा अहवाल म्हणे नुसता चकचकीत होता. गटातल्या पोरांनी घरांसाठी कर्जे काढलेली. सगळ्यांच्या जिवाला घोर होता.

ताईंनी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले होते : ‘यंत्र कोरड्या जमिनीत सुरुंग खात्रीने ओळखते, पण ओल्या चिकण मातीत चुकते.’

आमचे संचालक, मोठे साहेब, ते पान हातात घेऊन स्वतः खोलीत आले. माणूस वाईट नव्हता. असे गट मोडताना त्यांनी पाहिले होते.

“ताई, ‘ओळखते’नंतर पूर्णविराम द्या.”

“वाक्य अर्धं राहील, साहेब.”

“राहू द्या. उरलेलं मागे कुठेतरी टाका, तक्त्यांच्या जवळपास. लपवा असं मी म्हणत नाही.”

“मागचं कोण वाचतं?”

“म्हणूनच तर म्हणतोय.” साहेब माझ्या टेबलाला टेकले. “बरं, निदान तो ‘पण’ तरी काढा. पैसे मागायला जाताना ‘पण’ कशाला? त्याजागी ‘तसेच’ घाला.”

ताईंनी मोठ्याने वाचून दाखवले, “यंत्र कोरड्या जमिनीत सुरुंग खात्रीने ओळखते, तसेच ओल्या चिकण मातीत चुकते.”

मला हसू आवरेना. मी मान खाली घालून पट्टी पुसत बसलो. साहेबांनाही हसू आले.

“घ्या. म्हणजे चुकणं हाही आमचा एक गुण,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून, “तुमच्या एका शब्दापायी गट जाईल. पोरांना काय सांगाल?”

ताईंनी खुर्ची साहेबांकडे वळवली. मग म्हणाल्या, “साहेब, हे यंत्र वाजलं तर माणूस थांबतो. गप्प बसलं तर पाऊल टाकतो. ओल्या मातीत ते गप्प बसतं. पूर्णविराम दिला तर आपणही त्याच्यासारखेच गप्प बसलो.”

साहेबांनी पान टेबलावर ठेवले. “तुमच्या गटाचा अहवाल आहे, सही तुमची,” एवढेच बोलून गेले. ते पान त्यांनी बदलले नाही, हेही सांगायला हवे.

समितीच्या दिवशी भिंतीवर आराखडे लावायला मी आत होतो, म्हणून पुढचे मला ठाऊक. समितीत एक प्राध्यापिका, एक अर्थखात्याचे गृहस्थ आणि सुरुंग काढणाऱ्या तुकडीचे एक अधिकारी होते. अर्थखात्याच्या गृहस्थांनी पहिल्या पानावरच बोट ठेवले.

“दोन टप्पे सरकारनं पैसे दिले, आणि तुम्ही लिहिता की चुकतं. मग आम्ही दिले कशाचे?”

“कुठं विसंबायचं नाही ते कळायचे,” ताई म्हणाल्या.

“हे उत्तर मी वर कसं देऊ?”

“अवघड आहे खरं.”

त्या गृहस्थांनी पान उलटले. तेव्हा तुकडीचे अधिकारी म्हणाले, “ओल्या मातीत का चुकतं?”

“अंदाज आहे, खात्री नाही. पाण्यामुळं यंत्राला मातीचाच आवाज इतका ऐकू येतो, की सुरुंगाचा त्यात बुडतो. ते वेगळं कसं करायचं, हे मला आज येत नाही. त्यासाठीच मागतेय.”

“दुसऱ्या संस्थेच्या अहवालात मातीचा उल्लेखच नाही,” अधिकारी प्राध्यापिकाबाईंना म्हणाले. “माझी माणसं जिथं चालतात तिथं निम्मं वर्ष चिखल असतो.”

पैसे मिळाले, पण मागितले त्याहून बरेच कमी, आणि फक्त ओल्या मातीच्या कामासाठी. गट राहिला, तरी त्यातल्या तिघांना जावे लागले. ते सांगायला ताईंनी साहेबांना पाठवले नाही. स्वतः एकेकाच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या. त्यांतला एक चिडून म्हणाला, “ताई, तुमचा खरेपणा आम्हाला महागात पडला.” त्या म्हणाल्या, “हो, पडला.” सारवासारव केली नाही. मग त्याच्यासाठी दोन विभागांत स्वतः जाऊन शब्द टाकून आल्या. माझ्याने यांतले एकही झाले नसते. मी रजा घेतली असती.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्या चिखलात होत्या. सकाळी झारीने वाफा भिजवायचा, यंत्र फिरवायचे, चुकले की पुन्हा भिजवायचा. त्यांच्या हातून ते कोडे पुरते सुटले नाही. यंत्र कोरड्या भागांत वापरायला गेले, आणि त्याच्या दांड्यावर ओल्या जमिनीबद्दलची सूचना कोरलेली होती. अक्षरे मी काढून दिली होती. ताईंनी ती दोनदा मोठी करायला लावली.

शेवटची भेट दवाखान्यात झाली, निवृत्तांच्या रांगेत. त्या खूप वाळल्या होत्या. प्रयोगशाळेतून नुकतेच कानावर आलेले मी त्यांना सांगितले.

“ताई, ओल्या मातीचं जमलं म्हणे नव्या पोरांना.”

“चिकण मातीत?”

“चिकण मातीतच. समितीच्या लोकांनी स्वतः पुरून पाहिलं म्हणतात.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, दुखते आहे. तसे नसावे.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. पुढे ‘पण’ आला नाही. मग डोळे उघडून, “तुम्हाला आत बोलावतायत, भाऊ. जा, नाहीतर नंबर जाईल.”

“तुम्ही बसताय ना?”

“बसलेय. या जाऊन.”