भिमाजी कोळप्यांचा बिबट्या

निमोण्याचे भिमाजी कोळपे स्टेजवर उभे राहिले की माईकवाला आवाज कमी करायचा, इतका त्यांचा गळा दांडगा. बापानं जन्मभर मेंढरं राखली, भिमाजींनी शेती धरली; पण औत हाकता हाकता ते मनातल्या मनात कविता जुळवायचे. शिरूरपासून दौंडपर्यंत जत्रा असो, शाळेचं गॅदरिंग असो, भिमाजींशिवाय रंग भरत नसे.

सगळ्यात गाजली ती ‘बिबट्याचं लगीन’. उसातला बिबट्या मुंडावळ्या बांधून सासुरवाडीला निघतो, आणि मध्येच भिमाजी अशी डरकाळी फोडायचे की पुढची पोरं मागच्यांच्या मांडीवर जाऊन पडायची. खरा बिबट्या मात्र त्यांनी कधी बघितला नव्हता.

दोन हजार दोन साली, ऊसतोडीच्या दिवसांत, ते मांडवगण फराट्याला बहिणीकडं, रतनबाईकडं गेले. सकाळचं ऊन वर आलं होतं. उसाच्या कडेनं बांधावरून चालताना वाटलं, पुढं कुणीतरी पोतं टाकलंय. पोत्यानं मान वळवली.

बिबट्या गुरगुरला नाही. नुसता बघत बसला. भिमाजींनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. जनावराचं पोट वरखाली होताना तेवढं दिसत होतं. मग ते सावकाश उठलं आणि उसात शिरलं. पुढं गेलं की तिथंच आत बसलं, कळायला मार्ग नव्हता. भिमाजी जागचे हलले नाहीत. मेहुणे शोधत आले तेव्हा भिमाजींचं धोतर ओलं झालेलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी फक्त बायकोला, सोजराबाईला सांगितलं. तेव्हापासून उसाचं पाचट वाजलं तरी ते थबकायचे. भर दुपारी दाराला कडी घालायचे.

पुढं तळेगाव ढमढेऱ्याला कार्यक्रम झाला. लोकांनी बिबट्याच मागितला. भिमाजींनी सुरुवात केली, पण डरकाळीच्या जागी ते अडकले. मैदानापलीकडच्या उसाकडं नजर गेली आणि ते माईक सोडून मागं सरकत गेले. लोकांना वाटलं, ही नवी नक्कल. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. त्या हसण्यानं भिमाजी जास्तच भ्याले. आता या क्षणी खरा बिबट्या लोकांच्या पाठीमागं येऊन उभा राहिला, तरी आपलं कुणी खरं मानणार नाही, असं त्यांना वाटून गेलं. त्यानंतर ते बोलावणी टाळू लागले.

शिरूरच्या चांगदेव मास्तरांनी मग त्यांच्या कवितांचं पुस्तक काढायचं ठरवलं. भिमाजी सांगायचे, मुलगी तेजश्री उतरवून घ्यायची. सगळ्या झाल्या; बिबट्याची एक तेवढी नको म्हणाले.

सोजराबाई चुलीपुढून म्हणाली, “गाळू नका. तुमाला दिसला तसा घाला. तवा त्यो वरडला न्हाई, मंग पुस्तकात कशापायी वरडतोय?”

“लोक हसायचं न्हाईत गं.”

“नसू देत.”

दौंडला प्रकाशन झालं. हॉल भरलेला. भिमाजींनी बदललेली ‘बिबट्याचं लगीन’ म्हणायला घेतली. मुंडावळ्या आल्या, लोक हसायला लागले. डरकाळीच्या जागी भिमाजी गप्प राहिले. तोंड उघडं, नजर समोर. हसू हळूहळू विरलं. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं लेकराला मांडीवर ओढून घेतलं. उरलेल्या ओळी भिमाजींनी खालच्या आवाजात म्हटल्या. या वेळी ते सोंग आहे असं कुणाला वाटलं नाही. टाळ्या उशिरानं आल्या.

खाली उतरल्यावर नदीकाठच्या वस्तीवरले आण्णा गडदे जवळ आले. बिबट्या बघितल्यापासून त्यांची सून महिनाभर रानात गेली नव्हती, आणि घरचे तिला भित्री म्हणत होते.

“म्हंजी तुमालाबी दिसला तर,” आण्णा म्हणाले.

“व्हय. आन् अजून दिसतो.”

आण्णांनी सुनेसाठी एक पुस्तक घेतलं आणि त्यावर भिमाजींची सही मागितली.

पुस्तक चांगलं खपलं. जुन्या डरकाळीची फर्माईश पुढंही यायची. भिमाजी मात्र पुस्तकात आहे तशीच कविता म्हणायचे. भीती काही गेली नाही. ऊस तुटून रान उघडं पडल्याशिवाय ते कुठल्याच बांधानं एकटे गेले नाहीत.