तीस नंबरचे तेल आणि चिचगडचा रस्ता

पौषातल्या एका सकाळी मी नागपूरहून निघाले, तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच खिडक्या उघड्या होत्या. बाईमाणूस एकटी मोटार घेऊन गोंदियाला निघाली आहे, हे पाहायला लोक थंडीत उठून बसले होते. मी कोणाकडे पाहिले नाही. हात सुकाणूवर घट्ट होते.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. सहा वर्षांच्या बचतीतून ही जुनी, लहान, काळी विलायती मोटार एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याकडून घेतली होती. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो गोंदियाला डोळ्यांचा डॉक्टर आहे. त्याने चिचगडला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे शिबिर ठरवले होते. ‘कुसुम, सामानाची पेटी तुझ्या मोटारीने नेता आली तर बाटल्या सुखरूप पोचतील,’ असे त्याने पत्रात लिहिले. मी होकाराची तारच ठोकली.

इतका लांबचा प्रवास, म्हणून निघण्याआधी इंजिनचे तेल बदलायचे ठरवले. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक साधे तेल, गाडी आजवर तेच पीत आली होती. दुसरे नव्या प्रकारचे आणि सगळ्यांत महाग. “हे इंजिन आतून धुऊन काढतं,” तो म्हणाला. आतून धुतलेले इंजिन ही कल्पनाच मला इतकी आवडली की मी पुढे काही विचारले नाही.

गोंदियापर्यंत गाडी पाण्यासारखी धावली. गावात शिरताच धानाच्या गिरण्यांची धडधड आणि कोंड्याचा वास आला. वाट विचारायला थांबले, तर टांगेवाल्याने आधी मागच्या सीटवर वाकून पाहिले आणि मग विचारले, “बहनजी, ड्रायव्हर कहाँ है?”

“मैं ही हूँ,” मी म्हटले. त्याने स्वतःच टांगा पुढे काढून मला दादाच्या दारापर्यंत पोचवले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मागे अवजारांची पेटी, औषधांच्या बाटल्या, पट्ट्यांचे गठ्ठे. दादाला मोटार लागते, म्हणून तो खिडकीबाहेर तोंड काढून बसला होता. आमगावच्या पुढे पवार समाजातल्या एका शेतकऱ्याने दादाला ओळखून गाडी थांबवली. त्याचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले. “डाक्टरसाहेब उपाशी जाऊन राहिले, हे बरं नाई,” म्हणत त्याने आम्हांला अंगणात बसवले. गरम भात, वांग्याची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. (लाखोळी म्हणजे धान कापणीच्या सुमारास त्याच ओलसर बांध्यांत पेरतात ती डाळ. बांधी म्हणजे बांध घातलेला धानशेतीचा तुकडा.) मी पाच वडे खाल्ले.

देवरी सोडली आणि जंगल सुरू झाले. दोन्ही बाजूंना साग आणि मोह, मध्ये लाल मातीचा रस्ता, आणि आमच्या मागे धुळीचा लोट. मला गाणे म्हणावेसे वाटत होते. चार-पाच मैल गेलो असू, तेव्हा सहज समोरच्या तबकडीकडे नजर गेली. तेलाचा दाब दाखवणारी सुई नेहमीच्या जागेवरून खाली आली होती. मी पाहत असतानाच ती आणखी उतरली आणि शून्याला टेकली.

मी इंजिन बंद केले. गाडी थोडी घरंगळत जाऊन थांबली.

“काय झालं?” दादाने विचारले.

“तेल वर चढत नाही.”

“चिचगड आठ मैल राहिलं. हळूहळू नेता येणार नाही का? लोक पायी चालत येऊन बसले असतील गं.”

त्याचे खरे होते. लोक दोन दिवसांची वाट तुडवून येणार होते. पण तेलाशिवाय लोखंडावर लोखंड घासले की काय होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. “नाही दादा,” मी म्हटले, “आठ मैल नाही, आठ फर्लांगही नाही.” तो उतरून पेटी बाहेर काढू लागला. ते पाहून मला जास्त लागले, कारण तेल मी निवडले होते.

अर्ध्या तासाने लाकडे वाहणाऱ्या दोन रिकाम्या बैलगाड्या आल्या. एकीत दादा पेटी घेऊन चिचगडकडे गेला. दुसरीच्या गाडीवानाने देवरीला निरोप नेला. मी मोहाच्या झाडाखाली बसून राहिले.

दुपार कलता कलता सायकलवरून एक किडकिडीत माणूस आला. मागे अवजारांची पिशवी, मधल्या दांड्याला तेलाचा डबा. हा सुखदेव मिस्त्री. देवरीच्या धान गिरणीचे इंजिन चालवायचा, आणि लढाईच्या काळात ब्रह्मदेशात लष्कराच्या मोटारी दुरुस्त केलेल्या. मोटारीकडे न पाहता त्याने मला विचारले, “बंद कवा केली?”

“सुई शून्यावर आली तेव्हाच.”

“मंग बरं हाय. इथचे डिरायवर म्हणतात, गावापावतर जाऊ. आन् इंजिन जाम करून ठेवतात. मंग मिस्त्री नाई, बैल लागतात.”

त्याने तेल मोजायची पट्टी काढून टोकाचे तेल दोन बोटांत चोळले, नाकाशी नेले. “नवंच दिसते. कोणतं टाकलं?”

“सगळ्यांत चांगलं,” मी म्हटले.

“सगळ्यात चांगलं कोणासाठी?”

वाटेने जाणाऱ्या पाच जणांनी गाडी ढकलून रस्त्याकडेच्या कोरड्या नालीवर आडवी घेतली, म्हणजे खाली शिरायला जागा झाली. मिस्त्री पाठीवर झोपून आत सरकला. तेल घमेल्यात सोडले, इंजिनच्या तळाचे भांडे उतरवले आणि हात बाहेर काढला. त्याच्या तळव्यावर तेल खेचणारी जाळी होती. तिच्यावर काकवीसारखा काळा, चिकट मळ असा बसला होता की एकही भोक दिसत नव्हते.

“पाहा,” तो म्हणाला. “गाडीनं आजवर साधं तेल खाल्लं. मळ आतमधी बसून होता, कोणाले तरास नव्हता. तुमी धुणारं तेल टाकलं, त्यानं मळ सोडवला. सुटलेला मळ जाईन कुठं? जाळीवर बसला. मंग तेल वर चढूनच नाई राहिलं.”

“म्हणजे ते तेल वाईट?”

“वाईट काऊन (का) असन? नव्या गाडीले टाका, सोनं हाय. जुनीले टाकाचं तं आधी भांडं उतरवून धुवाचं. तुमच्या दुकानदारानं गाडीचं वय विचारलं काय?”

विचारले नव्हते. मीही सांगितले नव्हते. लाज वाटली, पण तिच्याबरोबर एक चमत्कारिक आनंदही होत होता. इतके दिवस सुकाणूमागे बसून जे कधी पाहिले नव्हते, ते पोट उघडे होऊन समोर होते. मी पदर खोचला आणि जाळी घासलेटात धुवायला घेतली. मिस्त्रीने ब्रश माझ्याकडे सरकवला.

भांड्याच्या सांध्यात बसणारे पॅकिंग फाटले होते. माझ्याजवळ शाळेची हजेरीची कोरी वही होती. तिचा जाड पुठ्ठा कापून, ग्रीस लावून त्याने नवे पॅकिंग केले. मग डब्यातले साधे, तीस नंबरचे तेल ओतले. ओतता ओतता मला धडा दिला: हिवाळ्यात तीस नंबर, वैशाखात त्याहून जाड चाळीस, कारण उन्हाने तेल पातळ होते.

“बदलता किती मैलावर?”

“पुस्तकात हजार लिहिलंय.”

“पुस्तक लिवणारा ह्या रस्त्यानं आला होता काय? डांबरी सडकेवर हजार. असल्या धुरळ्यात पाचशे. आन् आता मळ सुटून राहिला, तं पयल्यांदा दोनशेच्या आतच बदला. सुई पडाची वाट पाहू नका.”

मी चावी फिरवली. सुई एकदा थरथरली आणि सरळ वर गेली. मिस्त्री हसला. मला रडू आले, ते मी धुळीवर ढकलले.

सूर्य टेकता टेकता चिचगडला पोचले. शाळेच्या पडवीत पन्नासेक माणसे घोंगड्या पांघरून बसली होती. दादा त्यांच्यात उभा होता, पण त्याचा चेहरा उतरलेला. बैलगाडीच्या हिसक्यांनी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन्ही बाटल्या फुटल्या होत्या. त्या औषधाशिवाय एकही शस्त्रक्रिया होणार नव्हती.

“गोंदियाला माझ्या दवाखान्यात आहे. पण तुझी गाडी—”

“गाडी जाईल,” मी म्हटले.

पहाटे निघाले. जाऊन-येऊन सव्वाशे मैल नसतील, पण मी एवढी एकटी कधीच नव्हते. थंडीने बोटे आखडली होती आणि तरी मी मोठ्याने गात होते. येताना देवरीला थांबून, गाडी दहा मिनिटे निवू देऊन तेलाची पट्टी पाहिली. तेल काळे झाले होते, पण कमी नव्हते. दुपारी एकला बाटल्या दादाच्या हातात दिल्या, आणि दोनला पहिला रोगी टेबलावर होता.

रोग्यांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सुटेपर्यंत आठवडा आम्ही तिथेच राहिलो. शेवटच्या दिवशी सायत्राबाई नावाच्या बाईची पट्टी सुटली. तीन वर्षे तिला दिसत नव्हते. नवरा तिचा हात धरून दोन दिवस चालत आला होता. तिने पापण्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. मग त्याच्याकडे पाहिले.

“तुमचे केस कवा पांढरे झाले?” ती म्हणाली. “मले सांगतलं काऊन नाई?”

“सांगून कायले (कशाला) तरास द्याचा?” तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

परतताना देवरीला मिस्त्रीने काळे तेल पाहिले आणि मान डोलावली. या वेळी बोल्ट मी सोडला, तेल मी ओतले. तो गिरणीच्या दारात उभा राहून “आता पुरे” एवढेच म्हणाला. तिथून नवेगाव बांधला गेलो. डोंगरांच्या कुशीतला तो अफाट तलाव पाहून दादाला मोटार लागायची राहिली. काठावर ताज्या मासोळीचे कालवण आणि भात खाल्ला, आणि त्याला गोंदियाच्या गाडीसाठी स्टेशनवर सोडले. पुढे साकोलीवरून मी एकटी.

जाताना मला वाटत होते, मोटार चालवणे म्हणजे सुकाणू धरणे. येताना ध्यानात आले, की रस्ता जसा समोर असतो तसा आत, न दिसणाऱ्या जागीही असतो, आणि तिथे डोकावायची सवय भीतीतूनच नव्हे, ओढीतूनही लागू शकते. भंडाऱ्याच्या अलीकडे सुई ठणठणीत वर असताना मी गाडी कडेला घेतली, इंजिनवरचे झाकण उघडले आणि तेलाची पट्टी पुसू लागले. एक सायकलवाला उतरला.

“गाडी बिघडली काय बाई?”

“नाही,” मी म्हटले. “बिघडू नये म्हणून थांबले.”

त्याने सायकल स्टँडवर लावली आणि माझ्या शेजारी उभा राहून तोही आत पाहू लागला.